इतर परिस्थिती स्थिर असताना

१९८१ च्या जूनमध्ये आम्ही सहा जण कला शाखेच्या पहिल्या वर्षाला एकाच वर्गात येऊन बसलो. तिघे लालबाग-परळचे, एक गिरगावातला आणि दोघे मदनपुऱ्याचे. गिरगावकराचे वडील पोस्टात होते. बाकी पाच जणांच्या घरी गिरणीच्या भोंग्यावर चूल पेटायची. सकाळचे कॉलेज संपले की कोणी शिकवण्या घेत असे, कोणी काकांच्या दुकानात बसत असे. अर्थशास्त्र आम्ही आवडीने घेतले असे नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना झेपतील अशा विषयांत ते होते, म्हणून घेतले.

आमचे सर गिरगावातल्या एका चाळीत राहत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर मागणीचा नियम लिहिला: इतर परिस्थिती स्थिर असताना वस्तूची किंमत वाढली की मागणी घटते, किंमत घटली की मागणी वाढते. नियम आम्ही पाठ केला. त्याच्या सुरुवातीचे चार शब्द मात्र परीक्षेत गुण जाऊ नयेत एवढ्यापुरतेच लक्षात ठेवले.

दसऱ्याला सरांनी आम्हाला दादर स्टेशनाबाहेरच्या फुलांच्या बाजारात पाठवले आणि झेंडूचा भाव दिवसातून चार वेळा लिहून आणायला सांगितले. पहाटे भाव चढा होता, दहाच्या सुमारास आणखी चढला, दुपारी उतरला आणि दिवेलागणीला तेच ढीग पायाखाली तुडवले जात होते. झेंडू उद्यापर्यंत टिकत नाही. आलेला माल परत नेता येत नाही आणि दुपारनंतर तोरणे कोणी बांधत नाही. म्हणून त्या दिवसापुरता पुरवठा जवळजवळ ठरलेला असतो आणि भाव मागणीच्या मागे धावतो. पाठ्यपुस्तकातले दुसरे प्रकरण आम्हाला त्या एका दिवसात समजले. मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने मागणी-पुरवठ्याला कात्रीच्या दोन पात्यांची उपमा दिली आहे. कापड कोणत्या पात्याने कापले, हे विचारण्यात अर्थ नसतो.

पुढे जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या घरांतली एकही परिस्थिती स्थिर राहिली नाही. तेव्हापासून त्या चार शब्दांनी आमची पाठ सोडलेली नाही. हा लेख त्या शब्दांविषयी आहे. आज महाविद्यालयात सूक्ष्म अर्थशास्त्राचे पहिले पुस्तक उघडणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते की त्या पुस्तकातले जवळजवळ प्रत्येक तत्त्व गिरगावपासून लालबागपर्यंतच्या या पट्ट्यात दीडशे वर्षे प्रत्यक्ष घडत आले आहे. तत्त्वे खोटी ठरली नाहीत. परंतु ज्यांना आपण ‘इतर परिस्थिती’ म्हणून बाजूला ठेवतो, त्यांतच इथल्या माणसांचे आयुष्य गेले.

कापसाचा भाव

हे शास्त्र मराठीत तसे लवकर आले. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चे. त्यानंतर पाच वर्षांनी, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिची गिरणी सुरू झाली. म्हणजे बाजाराचे शास्त्र आणि गिरणीचा भोंगा मुंबईच्या मराठी माणसाच्या कानावर साधारण एकाच सुमारास पडले.

मागणी-पुरवठ्याचा पहिला मोठा धडा मात्र अमेरिकेतून आला. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला. इंग्लंडच्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानचा कापूस फारसा पसंत नव्हता. त्याचा धागा आखूड आणि त्यात कचरा फार. पण लांब धाग्याचा कापूस मिळेनासा झाल्यावर त्यांनी आखूड धाग्याच्या कापसाला वाटेल तो भाव दिला. पर्यायी वस्तू म्हणतात ती हीच. एकीचा पुरवठा तुटला की दुसरीची मागणी वाढते, आणि पहिली परत आली की दुसरीचे दिवस संपतात.

भाव वाढला तरी पुरवठा एका रात्रीत वाढत नाही. कापूस पेरावा लागतो, वेचावा लागतो, सरकी काढून गठ्ठे बांधावे लागतात आणि मग बंदरापर्यंत आणावा लागतो. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. तोवर घाटावरचा माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतूनच उतरत होता. अल्पकाळात पुरवठा ताठर असतो, असे पुस्तक म्हणते. ताठर पुरवठ्यावर मागणी कोसळली की सगळा जोर भावावर येतो. त्या चार-पाच वर्षांत मुंबईत सात ते आठ कोटी पौंडांची जादा संपत्ती आल्याचा अंदाज इतिहासकार देतात.

एवढा पैसा आला आणि गुंतवायला जागा तेवढी नव्हती. मग बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद यांचे नाव घराघरांत झाले. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचे भाग घेण्यासाठी माणसे वेडी झाली. आजचा भाव म्हणजे कायमचा भाव, असे सर्वांनी धरले होते. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती शरण आला, युद्ध संपले आणि ती ‘इतर परिस्थिती’ एका तारेच्या बातमीने बदलली. कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे व्यवहार पुरे करायची वेळ आली तेव्हा ते कोणालाच पुरे करता येईनात. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. कामाच्या आशेने आलेली माणसे काम संपताच निघून गेली होती.

या तेजीमंदीच्या कथा आपल्याकडे शेठजींच्या बाजूने पुष्कळ लिहिल्या गेल्या. हातमागवाल्याच्या बाजूने फारशा लिहिल्या गेल्या नाहीत. कापूस महागला म्हणजे सूत महागले. विणकर कापूस विकत नव्हता, सूत विकत घेत होता. ज्या भावाने व्यापारी श्रीमंत झाला, त्याच भावाने मागावरचा माणूस बुडाला. एकच किंमत एकाचे उत्पन्न असते आणि दुसऱ्याचा खर्च असतो. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेकडचे जुलाहे, म्हणजे मोमीन विणकर, टप्प्याटप्प्याने मालेगाव, भिवंडी आणि मुंबईच्या मदनपुऱ्यात येऊन वसले. त्यामागे दडपशाहीची भीती होती, दुष्काळ होते आणि विलायती सुतामुळे व कापडामुळे मोडलेला धंदाही होता. आमच्या वर्गातल्या दोघा मित्रांचे पूर्वज या वाटेनेच आले.

धोट्याला ओठ लावणारे

१८७० नंतर गिरण्या झपाट्याने वाढल्या. कोटात जमीन महाग होती, परळ-लालबागकडे वाड्या, शेते आणि तळी होती. स्वस्त जमीन आणि जवळ रेल्वे पाहून कारखाना तिथे गेला. रत्नागिरीतून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून माणसे आली. पुस्तक सांगते की श्रमालाही मागणी असते, पुरवठा असतो आणि दोन्ही मिळून मजुरी ठरते. गिरणीच्या फाटकावर रोज सकाळी हे दृश्य दिसत असे. बदली कामगार रांगेत उभे असत, आत किती गैरहजर आहेत ते पाहून तेवढ्यांना आत घेतले जाई आणि उरलेले परत जात.

पण कोणाला आत घ्यायचे हे मुकादम ठरवी. त्याच्या गावचा, त्याच्या जातीचा, त्याला दस्तुरी देणारा माणूस आधी जाई. म्हणजे बाजार होता, पण बाजाराला दार होते आणि दारावर माणूस बसलेला होता.

याहून कडक दार गिरणीच्या आत होते. विणकामाच्या खात्यात, म्हणजे साच्यांवर, मजुरी सूतकताईपेक्षा जास्त होती. त्या खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना घेत नसत. कारण असे दिले जाई की धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागते. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागतात. स्पृश्य हिंदू कामगारांना त्यात विटाळ वाटे. म्हणून महार, चांभार कामगार कमी पगाराच्या रिंग खात्यात राहिले.

अर्थशास्त्राच्या भाषेत याला प्रवेशावरील निर्बंध म्हणतात. एखाद्या कामात नवे लोक येऊ दिले नाहीत की आतल्यांची मजुरी चढी राहते. ज्यांना अडवले ते सगळे उरलेल्या एका कामावर गर्दी करतात आणि तिथली मजुरी आणखी दबते. आलेख काढला तर दोनच रेषा सरकतात. कोणाचा पोरगा शाळेत गेला आणि कोणाचा गेला नाही, ते त्या रेषांच्या सरकण्यातून ठरले.

इथे आम्हाला आमच्या घरातलेही सांगितले पाहिजे. साचे चालवणाऱ्यांत मराठा कामगारांबरोबर मोमीन विणकर मोठ्या संख्येने होते. मदनपुऱ्याच्या मित्रांचे आजे-पणजे साच्यावरच होते. विटाळाची कल्पना त्यांच्या धर्मात नव्हती. पण त्या कल्पनेने राखून ठेवलेली मजुरी त्यांच्या घरात येत होती. आपण अन्याय केला नाही, एवढे म्हणून या हिशेबातून सुटता येत नाही. अन्यायाचा लाभ न मागताही मिळतो, हे आम्ही अर्थशास्त्रातून शिकलो.

ज्या माणसाने हा प्रश्न लावून धरला तो स्वतः अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आणि राहत परळच्या बीआयटी चाळीत. १९१८ मध्ये त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या आकारावरून ठरत नाही, त्यावर लागणारे भांडवल आणि श्रम किती यांच्या प्रमाणावरून ठरते, हा त्यातला मुद्दा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावा इतका स्वच्छ आहे. १९२८ चा मोठा संप झाला तेव्हा साच्याच्या खात्याचा प्रश्न त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. सगळे कामगार एक, असे म्हणणाऱ्या चळवळीला स्वतःच्या अंगणातले दार उघडायला वेळ लागला, हेही इतिहासात नोंदलेले आहे.

उधारीची किंमत

मजुरीचा आणखी एक पदर होता. पगार महिन्याने मिळे आणि तोही पुढच्या महिन्याचे काही दिवस उलटल्यावर. नव्याने कामावर लागलेल्या माणसाला पहिला पगार हाती येईपर्यंत महिना-दीड महिना उधारीवर काढावा लागे. १९३६ च्या वेतन कायद्याने सात किंवा दहा दिवसांत पगार देण्याची सक्ती केली, तोवर मालक कामगाराच्या पैशावर बिनव्याजी बसत होता आणि कामगार तेवढ्याच दिवसांसाठी व्याज भरत होता. रुपयामागे महिना एक आणा म्हटले की दर लहान वाटतो. सोळा आण्यांचा रुपया धरून बारा महिन्यांचा हिशेब केला तर तो वर्षाला शेकडा ७५ होतो.

बँक त्याला उभी करत नव्हती, कारण त्याच्याकडे तारण नव्हते. पठाण सावकार तारण मागत नसे, फाटकावर दांडा घेऊन उभा राहत असे. जोखीम मोठी म्हणून व्याज मोठे, असे पुस्तक सांगेल आणि ते खरेही आहे. पण १९२९ च्या फेब्रुवारीत काय झाले तेही पाहावे. त्याआधी तेल कंपन्यांच्या संपात पठाणांना संप मोडण्यासाठी कामावर घेतले गेले होते. मग पठाण मुले पळवतात अशी अफवा उठली, पठाणांवर हल्ले झाले आणि बघता बघता ती हिंदू-मुसलमानांची दंगल झाली. राग व्याजाचा होता, राग संप फोडल्याचा होता, आणि सूड धर्माच्या नावाने घेतला गेला. कर्जदारांत मुसलमान कामगारही होते, हे त्या दिवसांत कोणी ऐकून घेतले नसणार.

याच उधारीला नंतर गिरणगावातल्या बायकांनी वेगळे उत्तर शोधले. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका महिनाभर धान्य उधार आणत, पगार झाल्यावर पैसे मिळत आणि त्यातला मोठा वाटा वाणी व सावकार नेत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना बांधली. एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. वस्तूचे तारण नसेल तर ओळखीचे तारण चालते, हे तत्त्व पुढे जगभर सूक्ष्मकर्ज या नावाने शिकवले जाऊ लागले. लालबागच्या चुलीपाशी ते आधीच पोहोचले होते.

चौदा रुपयांची खोली

आमच्यातल्या लालबागच्या मित्राच्या खोलीचे भाडे १९८१ साली महिना १४ रुपये होते. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक गॅलरी, टोकाला संडास. खोलीत नऊ माणसे. शेजारच्या गाळ्यात चंदगडकडच्या एका गावचे तीस-पस्तीस जण पाळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. खर्चाची वाटणी म्हणजे काय, ते तिथे शिकावे.

भाडे इतके कमी का, याचे उत्तर कायद्यात आहे. पहिल्या महायुद्धात घरे कमी पडू लागली तेव्हा १९१८ मध्ये पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले गेले. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला.

पाठ्यपुस्तकात कमाल किंमतीचे प्रकरण असते. बाजारातल्या किंमतीपेक्षा कमी किंमत कायद्याने ठरवली तर मागणी वाढते, पुरवठा आटतो आणि टंचाई होते. मग किंमत दुसऱ्या वाटेने वसूल होते. मुंबईत त्या वाटेचे नाव पगडी. त्याच मजल्यावरची खोली घ्यायची तर भाडे १४ रुपयेच, पण पगडी मित्राच्या वडिलांच्या दोन वर्षांच्या पगाराहून जास्त. भाडे परवडेना म्हणून घरमालकाने डागडुजी सोडली. खोली सोडली तर पुन्हा मिळणार नाही म्हणून भाडेकरू हलेना. भाड्यासाठी नवी चाळ कोणी बांधेना. पुस्तकातले एकूण एक परिणाम आमच्या गॅलरीत दिसत होते. पावसाळ्यात तुळईला टेकू लावताना आम्ही ते पाहत होतो.

१९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ काढले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. अशा उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांहून अधिक होत्या. गोठवलेले भाडे आता न्याय्य राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. १९९९ च्या नव्या कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, वर्षाला शेकडा चार वाढीची मुभा दिली आणि पगडीच्या व्यवहारालाही कायद्यात जागा दिली. पण पन्नास वर्षे न झालेल्या डागडुजीची भरपाई चार टक्क्यांनी होत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर दोष मालकाचा की भाडेकरूचा यावर वाद होतो.

तर मग तो कायदा चुकीचा होता काय? आम्हाला तसे सरसकट म्हणता येत नाही. १९४७ मध्ये भाडे मोकळे सोडले असते तर लालबागचा कामगार लालबागला राहिला नसता. चौदा रुपयांच्या खोलीत उरलेल्या पैशावर आमची पिढी कॉलेजला गेली. जे आत होते त्यांना कायद्याने वाचवले, जे नंतर आले त्यांना झोपडपट्टीत ढकलले. साच्याच्या खात्याचाच हा दुसरा प्रकार. आतल्याचा लाभ आणि बाहेरच्याचा तोटा एकाच हिशेबात धरला पाहिजे, एवढे तरी शास्त्र आपल्याला शिकवते. त्या हिशेबात घराचे छत धरायला आपण सगळेच विसरलो.

ज्याच्याकडे दुसरी वाट

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायचे होते आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा जायला हवा होता. त्या कायद्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणी करण्याचा हक्क दिला होता. कामगारांना आपला प्रतिनिधी बदलायचा होता आणि तशी सोय जवळजवळ नव्हती. मक्तेदारी फक्त मालाच्या विक्रीत असते असे नाही.

एप्रिलमध्ये आमची वार्षिक परीक्षा झाली. अर्थशास्त्राच्या पेपरात प्रश्न होता: मागणीची लवचिकता ठरवणारे घटक लिहा. पहिला घटक पर्यायांची उपलब्धता. आम्ही तो व्यवस्थित लिहिला. घरी येऊन पाहिले तर तोच घटक आमच्या घरांचा निकाल लावत होता.

मदनपुऱ्याच्या एका मित्राचे वडील संपात होते. त्यांचे धाकटे भाऊ भिवंडीला चार यंत्रमाग चालवत. गिरण्या बंद झाल्यावर गिरणीमालकांनी यंत्रमागांवर कापड विणून घ्यायला सुरुवात केली. भिवंडीचे माग रात्रंदिवस चालू लागले. चुलत्यांना आयुष्यात प्रथमच उसंत नव्हती. ईदला ते भावाच्या घरी आले, मुलांना कपडे आणले आणि पाकिटात काही रुपये ठेवून गेले. वडिलांनी पाकीट घेतले. मग बरेच दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. भाऊ भावाचा संप मोडत नव्हता, तो आपले माग चालवत होता. पण ज्या कापडासाठी वडील अडून बसले होते तेच कापड भावाच्या घरी विणले जात होते, आणि त्याच पैशावर त्यांची चूल पेटत होती.

अडून बसण्याची ताकद कशावर ठरते? ज्याच्याकडे दुसरी वाट असते, तो जास्त दिवस थांबू शकतो. मालकाकडे यंत्रमाग होते, पडून असलेला माल होता आणि खाली जमीन होती. कामगाराकडे गावची चार गुंठे भातशेती, बायकोचे मंगळसूत्र आणि दादरच्या पुलाखाली भाजीची टोपली. आमच्यातले दोघे त्या वर्षी कॉलेज सोडून कामाला लागले. त्यातला एक पुन्हा परत आला नाही. संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला.

मालकाच्या हातातली जमीन हे उत्तर आम्हाला उशिरा समजले. वैकल्पिक खर्च म्हणजे एखादी गोष्ट करताना सोडून द्यावी लागलेली दुसरी सर्वांत चांगली संधी. परळला गिरणी उभारली तेव्हा ती जमीन शेताच्या मोलाची होती. शंभर वर्षांनी त्याच जमिनीवर कापड विणणे म्हणजे तिथे उभ्या राहू शकणाऱ्या मनोऱ्यावर पाणी सोडणे झाले. गिरण्यांकडे मिळून सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ती विकायची वाट उघडली, पण अट घातली: एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. त्याआधी, २००५ मध्ये, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने २०१२ मध्ये सोडत काढली. अर्ज सुमारे दीड लाख होते, घरे काही हजार. किंमतीने वाटप करायचे नसेल तर रांग लावावी लागते, वशिला चालतो किंवा चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. आमच्या मित्राच्या वडिलांच्या नावाची चिठ्ठी निघाली नाही.

आणखी एक तत्त्व राहिले. व्यवहार दोघांत होतो आणि त्याची झळ तिसऱ्याला लागते. बाह्य परिणाम म्हणतात तो हा. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, रोज लाखो माणसे परळला उतरू लागली. मोकळी जागा शहराला मिळाली नाही आणि स्टेशनचे पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्या स्टेशनला आता प्रभादेवी म्हणतात. जमिनीच्या कोणत्याही खरेदीखतात त्या पुलाची किंमत लिहिलेली नव्हती.

शेवटी सरांविषयी

संपाच्या दुसऱ्या वर्षी, आमच्या शेवटच्या काही तासांपैकी एका तासाला, आमच्यातल्या एकाने सरांना चिडून विचारले की हे सगळे नियम मालकांसाठीच लिहिले आहेत काय. सर रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा तोच मागणीचा नियम फळ्यावर लिहिला आणि पहिल्या चार शब्दांखाली खडूने रेघ मारली. म्हणाले, नियम खोडू नका. तो खोडला तर तुम्हाला भिवंडीचे माग का चालले तेही कळणार नाही. पण उत्तर लिहिताना आधी हे चार शब्द कोणाच्या घरात खरे आहेत ते पाहा.

आमच्यातले चौघे आता साठीच्या पुढे आहेत. भिवंडीच्या चुलत्यांचे माग पुढे विजेच्या दराने आणि सुताच्या भावाने बंद पडले आणि भंगारात गेले. त्यातले दोन माग त्यांनी एका बंद गिरणीच्या भंगारातूनच घेतले होते. लालबागची ती चाळ पुनर्विकासाच्या कागदांत आहे आणि मित्र डोंबिवलीला राहतो. त्याची नात यंदा अर्थशास्त्र घेऊन बारावीला आहे. दसऱ्याला तिला पहाटे दादरच्या फुलबाजारात घेऊन जायचे आम्ही ठरवले आहे. झेंडूचा भाव तिने चार वेळा लिहावा. मधल्या वेळात तिला परळपर्यंत पायी न्यावे आणि चिमण्या कुठे कुठे होत्या ते दाखवावे, असा विचार आहे.